राखेची पलटण आणि संस्थेची विहीर

८ जानेवारी २०१३, मंगळवार

‘राखेची पलटण’चा दुसरा भाग संपला. एकवीस जवान त्या वाळक्या ग्रहावर सोडून यान निघून गेलं! आपल्याच सेनापतीनं सोडले. वरून म्हणतो कसा — थांबा, कुमक येतेय. बिचारे थांबले.

दूध केंद्रात दुपारी एकटीनं असलं वाचू नये. पण करू काय? दोन महिने झाले, दुधाचा थेंब आला नाही. जनावरं कोणी विकली, कोणी पाहुण्यांकडं धाडली. बारा रिकामे कॅन आणि मी. संस्थेची सचिव म्हणून रोज कुलूप उघडायचं, पाचला लावायचं.

शिरूरला सत्तारभाईचं पंक्चरचं दुकान आहे. त्याच्या थोरल्या भावाची पुस्तकं दुकानातच ट्रंकेत पडलीत, ती तो एकेक करून देतो. ‘राखेची पलटण’चे सहा भाग आहेत. पहिला मागितला तर म्हणाला, “आपा, लढाईचं हाय, तुमाला न्हाई जमायचं.” म्हणूनच घेतला. मला नाही जमायचं म्हणे!

११ जानेवारी, शुक्रवार

तिसरा भाग. एकविसांत एक फितूर आहे! पाण्याच्या टाक्या कुठं पुरल्या ते दर वेळी शत्रूला बरोबर कळतं. मला मेजर ओरानवर संशय. फार गोड बोलतो मेला.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

सकाळी आठला विहिरीच्या पंपाचं कुलूप काढलं. रोजचंच. घरटी दोन घागरी, जास्त नाही. सरकारी टँकर पाचव्या दिवशी येतो, कधी सातव्या. आमच्या दूध संस्थेची ही नदीकडची विहीर नसती तर मागं राहिलेली म्हातारी माणसं काय प्याली असती कोण जाणे. निम्म्याहून जास्त गाव तर ऊसतोडीला सांगलीकडं गेलंय.

भिमामावशीनं रांगेतच तीळगूळ दिला. तिचा शहादेव संस्थेचा संचालक, तोही तोडीला. घागर मीच उचलून दिली तिला. दोन पायऱ्या चढली की दम लागतो. म्हणाली, “सरू, तू हाईस म्हणून जगायलोत बाई.” मला कसंसंच झालं.

दुपारी वाचलं. पलटणीत पाणी वाटायचं काम तिवा हवालदाराकडं आहे. जखमींना एक घोट जास्त देतो, स्वतःच्या वाटणीचा. एवढा एकच माणूस त्यात मला आवडलाय.

१९ जानेवारी, शनिवार

चेअरमन आले होते. राधाकिशन चेअरमन कधी केंद्रात येत नाहीत, बोलावून घेतात. आज आले, रिकाम्या कॅनवर बसले, चहा नको म्हणाले.

रस्त्याच्या कामाचा ठेकेदार गेवराईकडून आलाय. त्याला खडीच्या क्रशरला पाणी पाहिजे. विहीर दोन वर्षं त्याला द्यायची, तसा संचालक मंडळाचा ठराव पाहिजे. मी म्हणाले, नऊ संचालक, त्यातले सहा तोडीला. मीटिंग कशी घेणार?

तर हसले. म्हणाले, “सह्या तर हायेत की तुझ्याकडं.”

आहेत. दसऱ्याला ट्रका लागल्या, तेव्हा मीच ठराव लिहायची प्रोसिडिंगची वही घेऊन दारोदार फिरले होते. दर साली फिरते. तोडीला जाणारे कोऱ्या पानांवर सह्या करून जातात, म्हणजे सहा महिने काम अडत नाही. कशाच्या सह्या, हेसुद्धा कोणी विचारत नाही. शहादेवनं बैलगाडीच्या जुवावर वही ठेवून पाच पानांवर केल्या. कायद्यात हे बसत नाही, सगळ्यांना माहीत आहे. सगळ्याच संस्था करतात.

विचार करून सांगते, मी म्हणाले. चेअरमन गेले एकदाचे.

२० जानेवारी, रविवार

वही कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. तीनदा चाचपून पाहिली.

२२ जानेवारी, मंगळवार

चेअरमनच्या घरी जाऊन आले. ओसरीवर उभीच होते, बस म्हणाले नाहीत. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. “कोऱ्या सह्या कोणी घेतल्या? तू का मी? उद्या तपासणी लागली तर खुर्ची कोणाची जाईल? आन् केस कोणावर हुईल?” मग म्हणाले, आमच्या वस्तीतल्या बाईला सचिव करा म्हणून कोणी भांडलं होतं, ते आठव. खरं आहे. तेच भांडले होते. मला सात वर्षं झाली, ह्या पगारावर आईचं औषधपाणी चाललंय.

मी नाही म्हणाले. तोंडावर नाही म्हणून आले. ठराव मी लिहिणार नाही म्हणजे नाही!

२३ जानेवारी

डोकं दुखतंय. पुस्तक उघडलं नाही.

२६ जानेवारी, शनिवार

शाळेत झेंडावंदन. चेअरमननी सगळ्यांसमोर माझ्या हातावर दोन जिलब्या ठेवल्या. हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ह्या माणसाच्या मनात काय चाललंय?

चौथा भाग आणला. सत्तारभाई म्हणाला, हा जरा आस्ते वाचा. आस्ते कसला वाचते! एका बैठकीत सत्तर पानं.

३० जानेवारी, बुधवार

एकवीसचे नऊ राहिले. शेवटची टाकीपण शत्रूनं फोडली. आता जो तो दुसऱ्याकडं बघायलाय. झोपताना बंदूक उशाला घेतात, ती शत्रूसाठी नाही, शेजाऱ्यासाठी. मेजर ओरान मेला. म्हणजे फितूर तो नव्हता. मी त्याला उगाच शिव्या दिल्या.

केंद्राचा पत्रा उन्हानं तडतडला तरी दचकायलेय. लिहितानासुद्धा दाराकडं तोंड करून बसते.

५ फेब्रुवारी, मंगळवार

विहिरीवर माणसं आली. पंधरा हॉर्सपॉवरची मोटर, काळा पाइप पार डांबरी रस्त्यापर्यंत. पंपाला त्यांचं कुलूप. माझी किल्ली लागेना.

बायका घागरी घेऊन उभ्या. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ठराव झालाय, संचालकांच्या सह्या आहेत, विचारा तुमच्या सचिवबाईला. सगळ्या माझ्याकडं वळल्या. मी म्हणाले, मला काही माहीत नाही, चेअरमनला विचारते. भिमामावशी म्हणाली, “आमच्या शहादेवची सही? त्यो तर तिकडं हाय. कावून करील त्यो?” मग तीच बाकीच्यांना समजावायला लागली — सरूला काय बोलू नका, तिला काय ठावं.

चेअरमननं कसं केलं असेल? कोणाकडून लिहून घेतलं असेल?

८ फेब्रुवारी, शुक्रवार

विहीर दुपारी बाराला कोरडी पडते. रात्रभर जे पाझरतं ते सकाळी मोटर ओढून नेते. बायका नदीच्या वाळूत झिरा खोदून वाटीनं पाणी भरायल्यात. एक घागर भरायला दीड तास. आमची घागर आई भरू शकत नाही, मीच जाते. मी गेले की बायका जागा देतात. आधी भर म्हणतात, तुला हापिस हाय.

देऊ नये वाटतं जागा.

१० फेब्रुवारी, रविवार

पाचवा संपवला. सत्तारभाईच्या दुकानात सहावा तिथंच उभ्या उभ्या उघडला. तो म्हणाला, आपा, टायर फुटलं तरी माणसं एवढी घाबरत न्हाईत. घरी जाऊन वाचा.

१३ फेब्रुवारी, बुधवार

तिवा!

तिवा हवालदार फितूर. पाणी वाटणारा तिवा. मी पान दोनदा वाचलं, मागं जाऊन परत वाचलं.

पैशासाठी नाही. शत्रूचं काही पटलं म्हणूनही नाही. पहिल्या महिन्यात पहाऱ्यावर त्याला डुलकी लागली होती, एवढंच. ते शत्रूच्या हेराला कळलं. तुझ्या मेजरला सांगू का, म्हणाला. त्या वेळी पहाऱ्यावर झोपलेल्याला गोळी घालायचे. मग तिवानं एका टाकीची जागा सांगितली. एकच सांगणार होता. पुढं त्या एकीपायी दुसरी, दुसरीपायी तिसरी. आणि सगळा वेळ जखमींना आपल्या वाटणीचा घोट देत राहिला. तो देखावा नव्हता, त्याला खरंच माया होती त्यांची. हे तर फारच वाईट.

उरलेल्या चौघांना शेवटपर्यंत कळत नाही. तेच त्याला खांद्यावर उचलून यानापर्यंत आणतात. पुस्तक तिथंच संपतं. कोणी त्याला मारत नाही, काही नाही.

मला राग यायला पाहिजे होता. भीती वाटली. कॅनमागं बसून रडले, बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

भिमामावशी झिऱ्यावर चक्कर येऊन पडली. शिरूरच्या दवाखान्यात सलाइन लावलं. मीच जीपमधून नेलं. वाटभर माझा हात धरून होती. डॉक्टरनं विचारलं, तुम्ही मुलगी का? ती हो म्हणाली.

पुस्तक परत केलं. सत्तारभाईनं विचारलं, कोणावर संशय होता? मी म्हणाले, कोणावरच नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

शहादेवचा फोन. ऊस नाही, कारखाना लवकर बंद होतोय, आठ दिवसांत सगळे गावाकडं. आईला कोणी नेलं ते कळलं म्हणाला. मग म्हणाला, “आमच्या सह्यांचं काय तरी झालंय म्हनत्यात अक्का. आमी आलो की वही उघडू, ज्यानं लिव्हलं त्याचं अक्षर तू वळखशील. तू संगट ऱ्हा फकस्त.” राहते म्हणाले.

ह्या वहीतही खोटं लिहिलंय. बावीस तारखेला मी नाही म्हणाले नव्हते. चेअरमनच्या ओसरीवर, त्यांच्याच पेनानं, शहादेवच्या सहीच्या वर, ठरावाचं सव्वा पान लिहून दिलं.