घरच्यांनी जाहिराती दाबू नयेत

चि. धाकट्यास ताईचा आशीर्वाद,

तुझ्या घरच्या पाच माणसांनी मिळून आमच्या व्हिडिओंवरच्या जाहिराती दाबल्या आणि व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीने त्या महिनाभर बंद केल्या, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोनवर तू हसून विषय बदलला असतास. तुझा गुडघा कसा आहे? (जिना चढू नकोस असं डॉक्टरांनी बजावलंय, तेव्हा गच्चीवरचा फोटो मला तरी पाठवायचा नव्हतास.) वहिनीला आणि मुलांना आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत.

आता नीट वाच. तुझ्या भावोजींच्या दुकानात घड्याळ दुरुस्तीचं गिऱ्हाईक आठवड्याला चारवर आलं, तेव्हा त्यांनी नव्या घड्याळांच्या शोरूममध्ये विक्रेत्याच्या नोकरीचा अर्ज लिहून ठेवला. छत्तीस वर्षं घड्याळं उघडलेला माणूस खोकी विकणार, हे मला पटेना. त्यांच्या दुरुस्तीच्या व्हिडिओतून भाडं निघालं तर दुकान राहील, नाहीतर मालकाला किल्ली द्यायची, असं ठरलं. व्हिडिओ लोक बघत होतेच. चाळीस मिनिटं नुसते हात, चिमटा आणि टिकटिक; शब्द एक नाही. (घरी तरी कुठे बोलतात.) पण हजार वेळा पाहिल्यामागे जे हाती यायचं, त्यात दुकानातला बल्बही आला नसता.

बी.ए. होऊन चाळीस वर्षं झाली, पण शिकलेलं अर्थशास्त्र कुठे जात नाही. वही घेऊन बसले. कळलं ते असं, की पैसे पाहण्याचे नसतात, जाहिरातीचे असतात. आणि जाहिरात देणारा विचारतो की बघणारा कोण, कुठला, आणि टिकतो किती. गुंतवणूक शिकवणाऱ्यांना म्हणे हजारामागे आमच्या आठपट मिळतात. तुझे भावोजी म्हणाले, "मग मी काय आता गुंतवणूक शिकवू?" मी म्हटलं, "तुम्ही आधी चष्मा पुसणं थांबवा."

कारण हा माणूस दर पाच-सहा मिनिटांनी चिमटा खाली ठेवतो, चष्मा काढतो, सदऱ्याच्या टोकाने पुसतो, उजेडात धरून बघतो आणि पुन्हा पुसतो. (पहिल्यांदा भेटलो तेव्हाही पुसत होते, मला वाटलं, विचार करताहेत.) सांगून ऐकेनात, म्हणून मी तो सगळा भाग कापून टाकला. मग कंपनीच्या यंत्राने जाहिराती आपल्या मनाने घातल्या, त्या नेमक्या स्प्रिंग बसत असताना. लोक वैतागून निघून गेले आणि हजारामागची रक्कम आणखी उतरली. एका बाईंनी लिहिलं, काका चष्मा का पुसत नाहीत, तब्येत बरी आहे ना? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापलेलं सगळं परत जोडलं आणि जाहिराती हाताने तिथेच लावल्या. आता चष्मा निघाला की बघणाराही हातपाय मोकळे करतो, जाहिरात वाजते, कोणी चिडत नाही. दोन महिन्यांत रक्कम तिप्पट. भाडं निघालं असतं.

'असतं' म्हणते, कारण त्याच सुमारास तुला बहिणीची माया आली. तू, वहिनी, दोन्ही मुलं आणि तुझे सासरे, रोज जेवण झाल्यावर ओळीने बसून प्रत्येक जाहिरात दाबायचात. तुझ्या सासऱ्यांना या वयात गवत कापायचं यंत्र कशाला, असा प्रश्न कंपनीलाही पडला असावा. एकाच घरातून इतकं दाबलं की ते फसवणूक धरतात. मी चार पानी खुलासा पाठवला, नात्यागोत्यासकट. सोमवारी जाहिराती सुरू झाल्या. मधला महिनाभर तुझ्या भावोजींनी चष्माही पुसला नाही.

तेव्हा यापुढे बघा, शेवटपर्यंत बघा, बघता बघता झोप लागली तरी चालेल, पण बोट लावू नका.

तुझी ताई

ता.क. कंपनीच्या पत्रात दाबल्याच्या तारखा होत्या. त्यातलं पहिल्या अकरा वेळचं दाबणं आमच्याच घरातलं निघालं. ती मी. जाहिरात नीट उघडते की नाही, हे तपासायला नको? खुलाशात मी तसं कबूल केलंय. तुझ्या भावोजींना सांगितलेलं नाही, आणि तूही सांगायचं नाहीस.

ता.क. २. उघडायला जुनी घड्याळं संपत आली. खरं म्हणजे पत्र त्यासाठीच. तुझ्या सासऱ्यांचं भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ पाठव. चालू होऊन परत येईल.

ता.क. ३. आजची नोंद. दुकानमालकाला दिलं : पुढल्या वर्षाचं भाडेपत्र, सही करून. तुझ्या भावोजींना दिला : नोकरीचा अर्ज, न पाठवलेला. त्यांनी तो चार घड्या करून, व्हिडिओ घेतो त्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. आता चित्र हलत नाही.