आधी टेलला

३ नोव्हेंबर

झालं! अध्यक्ष म्हणून पहिलं पाणी सोडलं आणि पहिल्याच दिवशी सख्ख्या भावाशी भांडण.

दादाचं रान तलावाच्या भिंतीला लागून. पाट सुरू होतो तोच त्याच्या बांधावरून. पाणी सुटलं की आधी त्याचं भिजायचं, मग खालच्यांचं, आणि पाटाच्या पार शेवटी, टेलला, उरलं तर उरलं. ताईला दिलीय ती टेलला. लग्न झाल्यापासून ती बापडी उरल्यासुरल्यावरच शेती करते. म्हणून पाणी संस्थेच्या निवडणुकीला उभी राहिले तेव्हा मी एकच गोष्ट बोलले होते — आधी टेलला! खालून भिजवत वर यायचं. टेलवाल्यांनी झाडून मतं दिली मला.

दादा तणतणत आला. "माझ्या नाकासमोरून पाणी जाणार आणि मी काय टाळ्या वाजवू?" म्हटलं, वाजव. तोंड फिरवून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

४ नोव्हेंबर

पाणी टेलला पोचलं. ताईचा फोन. "अगं, आलं! आलं गं!" मी डोळे पुसत होते तर हे म्हणाले, "कांदा चिरतेस का?" यांना ना, कधी काय बोलावं कळत नाही.

११ नोव्हेंबर

तलावाच्या भिंतीवरची पाण्याची पट्टी रंगवून घेतली. आकडे पार पुसले होते, अंदाजानंच सगळं चालायचं. आता पांढऱ्यावर काळे, रस्त्यावरून दिसतात. बगळा म्हणाला, "वहिनी, तलावाला नवरदेवासारखं नटवलंत!" बगळा म्हणजे आमचा पाटकरी. पाटाची दारं उघडायची-लावायची त्याच्याकडे. बांधावर एका पायावर उभा राहतो तासन्‌तास, म्हणून बगळा. मलाही जरा मिरवावंसं वाटलं. खोटं कशाला लिहू?

पट्टीच्या हिशोबानं पाणी सोडायच्या सगळ्या पाळ्या निभतात. ताईनं विचारलं, "सगळ्या रानात गहू पेरू का? का अर्धं पडीक ठेवू दरवर्षीसारखं?" म्हटलं, पेर बिनधास्त. शेवटचं पाणी मिळणार म्हणजे मिळणार. माझा शब्द.

९ जानेवारी

ताईकडे जाऊन आले. गहू पोटरीत आलाय. काय रान दिसतंय! आणि ताई बांधावरून अशी चालते की जहागीर आहे. भाऊजी मागून मला म्हणाले, "हल्ली आमच्याशी बोलत नाही, गव्हाशीच बोलते." यंदा पीक घरात आलं की उन्हाळ्यात मजुरीला बाहेर जायचं नाही म्हणाली. दरवर्षी घराला कुलूप लावून दोघं जातात. यंदा नाही. तीन-तीनदा म्हणाली — यंदा नाही.

६ फेब्रुवारी

काय लिहू.

शेवटची पाळी आज सुरू केली. पट्टीवर पाणी दोनच्या वर होतं. तेवढ्या पाण्यात सगळ्यांचं भिजून वर उरतं. दार उघडलं तर आधी गढूळ आलं. म्हटलं येईल निवळ. निवळ कसलं — दाट होत गेलं. शेवटी नुसती रबडी. बगळा पँट दुमडून तलावात उतरला, बांबू खुपसला. वीतभर पाणी, खाली भसकन चिखल. पुन्हा दुसरीकडे खुपसला. तेच!

"वहिनी, हे पाणी नाही. गाळ आहे सगळा."

पट्टीचे आकडे तलाव बांधला तेव्हाचे. त्यानंतर किती पावसाळ्यांचा गाळ येऊन बसला. तळ वर आला आणि आकडे तिथंच राहिले. एकदा बांबू टाकून बघायचं कुणाला सुचलं नाही. मला तर नाहीच. मी आकड्यांना रंग देत बसले!

७ फेब्रुवारी

दार बंद ठेवलंय. जे पाणी आहे ते टेलकडे सोडलं तर वाटेतच जिरणार. पाटाला भेगा पडल्यात, कोरडा पाट आधी स्वतः पितो. म्हणजे ताईलाही नाही आणि वरच्यांनाही नाही. वरच्यांना दिलं तर त्यांचा तरी गहू वाचतो. दादाचा सगळ्यात आधी. आई गं!

बगळा म्हणतो, "तुम्ही सांगाल ते दार उघडतो." यांना विचारलं तर म्हणाले, "अध्यक्ष तू आहेस, मला कशाला मधे घेतेस?" भित्रे कुठले.

ताईचा फोन वाजला. उचलला नाही.

८ फेब्रुवारी

वरची दारं उघडायला सांगितली.

९ फेब्रुवारी

ताईकडे गेले सांगायला. तिला कळलंच होतं. तरी सगळं ऐकून घेतलं — गाळ, पट्टी, पाटाच्या भेगा. मग म्हणाली, "दार उघडायच्या आधी का नाही आलीस?"

मी पुन्हा पाटाच्या भेगांचं सांगू लागले.

"आम्हाला काय पाट माहीत नाही का? आम्हीच म्हटलं असतं, वर द्या, वाया घालवू नका. पण विचारायचं होतंस गं. तू फोनसुद्धा घेतला नाहीस."

भाऊजींनी तांब्या पुढे केला. मी तो तसाच खाली ठेवला. निघाले तेव्हा ताई दारापर्यंत आली नाही. मी केलं ते बरोबरच होतं. दहादा मनाशी म्हणून झालं. मग परत परत का म्हणावं लागतंय?

१ मार्च

ताईनं गहू कापून जनावरांना घातला. ओंब्या भरल्याच नाहीत.

१२ मार्च

दादाचा गहू निघाला. टपोरा. चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारली त्यानं — "शेवटी भावाचीच निघालीस!" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. म्हटलं, परत हात लावलास तर बघ! त्याला काय झालं ते कळलंच नाही, बिचाऱ्याला. का बिचारा म्हणतेय मी?

१९ मार्च

ताई-भाऊजी मजुरीला गेले. घराला कुलूप. मला सांगितलं नाही. दादाला सांगून गेली! तो ते सांगायला आला तेव्हा थट्टा नाही, काही नाही. नुसता उंबऱ्याशी उभा. म्हणाला, "कुलूप लावताना रडत होती." मग जाता जाता — "मला विचारलं असतंस तर मी थोडं सोडलं असतं." आता म्हणतोय!

म्हणजे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

२२ एप्रिल

बैठक. तलावाचा गाळ काढायचं ठरलं. टेलचं एकही माणूस आलं नाही. मी राजीनाम्याचं बोलले तर बगळा फिस्कारला — "गाळ कोण काढणार मग? पळता कुठं?"

३ मे

तलाव आटला. पट्टी कोरडी उभी आहे, झकास रंगवलेली. बघवत नाही.

काळा, लोण्यासारखा गाळ आहे. रानात पडला की रान दुप्पट पिकतं, त्यामुळे पहिल्या खेपा कुणाच्या यावरून वरच्यांत आत्ताच जुंपलीय. सगळे माझ्याकडे बघतात. सांगा अध्यक्ष!

मी सांगितलं नाही. घरी येऊन ताईला फोन लावला. वाजत राहिला. तिनं उचलला नाही. मला बोलायला तोंड आहे का?

मग निरोप ठेवला. ताई, गाळ निघतोय. अजून कुणाला शब्द दिलेला नाही. तू सांग.

४ मे

उत्तर नाही.

६ मे

सकाळी तलावात उतरले तर ताई आधीच आत! पदर खोचून घमेलं भरत होती. काल कधी आली, कशी आली, काही विचारलं नाही मी. दादा ट्रॅक्टरवरून ओरडला, "अध्यक्ष, पहिली खेप कुठं टाकू?" म्हटलं, तिला विचार. ताईनं वरसुद्धा बघितलं नाही. "आधी टेलला," म्हणाली. दादानं मुकाट्यानं ट्रॉली वळवली. मग ताईनं भरलेलं घमेलं उचललं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वाक जरा. डोक्यावर घे."