माझ्या चित्रातली तुमची टाकी

बाबा, तुमची टाकी मी झाकणार नाहीये, हे आधीच सांगते. आणि माझा स्टोव्ह तेव्हाही बरोबरच होता.

कॅम्प चारच्या घरातलं आपलं किचन आठवतंय? नुकताच गॅस आला होता, आईने टाकीला हार घातलेला. आणि मी खाली हार्डबोर्ड टाकून त्यावर चित्र काढत काय होते, तर कोपऱ्यात ढकललेला पितळी स्टोव्ह, चेपलेलं पातेलं, लाटणं, चहाची गाळणी. शाळेच्या लायब्ररीत एका फॉरेन पेंटरचं पुस्तक बघून माझं डोकंच फिरलं होतं. एकच वस्तू वरून, समोरून, बाजूने, सगळीकडून एकदम! पातेल्याचं तोंड वरून बघितल्यासारखं गोल आणि बूड समोरून सपाट. शेजारची सिंधी आंटी दारातूनच ओरडते, "बेटी, किचन में भूकंप आया क्या?" तेवढ्यात तुम्ही कंपनीतून येता, डबा हातातच. "पातेलं लवंडलंय काय गं?" मी म्हणते, "बाबा, हे मॉडर्न आहे." "मॉडर्न ती बघ!" तुमचं बोट टाकीकडे. "एवढी वर्षं गॅसला नंबर लावून बसलो, आणि तू रॉकेलचा स्टोव्ह काढतेस? रविवारी बदलापूरचा मामा येणार. म्हणेल, हे अजून स्टोव्हवरच. इंग्लिश मीडियमला याच्यासाठी घातलं तुला?" मी पण ऐकते थोडीच! "स्टोव्हला शेप आहे. तुमच्या टाकीला काही शेपच नाही."

सकाळी उठून बघते तर चित्राच्या कोपऱ्यात लालभडक टाकी. खिडकीच्या गजांना लावायला आणलेला ऑइलपेंट, तोच जाड ब्रश, आणि माझं अर्धं लाटणं गायब. मी रडले, पाय आपटले, तुमच्याशी बोलणंच टाकलं. आणि तुम्ही मामाला कौतुकाने दाखवताय, "टाकी माझी हां, बाकी पोरीचं." मामा म्हणाला, "टाकी तेवढी ओळखू येते." अजून राग येतो, बाबा. विचारायचं तरी! चित्र माझं होतं.

आता आम्ही काही जण मिळून अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्यावर एक हॉल घेऊन प्रदर्शन लावतोय. माझं पहिलंच. परवा ग्रुपमधला मित्र ते जुनं चित्र बघून म्हणाला, "भारी आहे यार, फक्त ही टाकी कव्हर कर. कोणीतरी वाट लावलीये." मी ब्रश घेऊन बसले आणि तुमची टाकी पहिल्यांदा नीट बघितली. वरची कडी पूर्ण गोल, वरून बघितल्यासारखी. बूड सपाट, समोरून. बाबा, तुम्ही पण तेच केलंत! आणि वर मला विचारता, पातेलं लवंडलंय काय! मित्राला सांगितलं, लावेन तर टाकीसकट. तो म्हणाला, "मग राहू दे." राहू दे तर राहू दे. घरी ओट्याच्या वर ठोकलंय मी ते, स्टोव्ह आणि टाकी, दोन्ही.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठे टाकणार, ड्रॉवरमध्येच राहील. म्हणून एक सांगून टाकते. त्या सकाळी तुमचा रंग अजून ओला होता, आणि स्टोव्हमध्ये थोडं रॉकेल होतं. रंग पुसायला चिंधी भिजवून मी टाकीपर्यंत नेली होती. पण त्या कोपऱ्यात लाल मस्त बसला होता.