बंब वळला पाहिजे

दि. ४ जानेवारी

चि. चिमणीस, मामाचे अ. उ. आ.

आमच्या वसाहतीचा आराखडा तुझ्या नगररचना खात्यातून परत आला. आम्ही डेपोतले आठ निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर आणि तुझी आई मिळून शहराच्या हद्दीबाहेर दोन मैलांवर जमीन घेतो, नऊ प्लॉट पाडतो, आणि तुमचं शहर तिथेही नाक खुपसतं! शेरा काय, तर गल्ली पुढे बंद आहे, आगीचा बंब वळणार नाही, टोकाला गोल जागा सोडा. टोकाचा प्लॉट माझा. त्याला लागून तुझ्या आईचा. चाळीस वर्षं बहीणभाऊ दोन गावांत राहिलो, आता कुठे शेजार जुळत होता. मामासाठी एवढं कर, तो शेरा खोड.

रागावलेला पण तुझाच,
मामा

दि. ९ जानेवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

फाईलवर तुमचं नाव दिसताच मी साहेबांना नातं सांगितलं आणि ती शेजारच्या टेबलावर सरकवली. तेव्हा शेरा माझा नाही. पण खरं सांगू? मीही तोच मारला असता. गेल्या वर्षी हद्दीबाहेरच्या अशाच एका वसाहतीत घर पेटलं. बंब अरुंद गल्लीत अडकला. माणसं वाचली, घर डोळ्यांदेखत गेलं. आग काही हद्दीचा दगड वाचून थांबत नाही, मामा.

तुम्ही एकतीस वर्षं बस चालवलीत. तुमच्याच गल्लीत एक वळवून बघा. वळली तर हरकत घ्या, रीतसर सुनावणी होते. आईला यातलं मी काही कळवलेलं नाही, तुम्हीच सांगा.

रागातही माया कमी करू नये, ही विनंती.
चिमणी

दि. २१ जानेवारी

चि. चिमणीस, अ. उ. आ.

वळवली. म्हणजे, नाही वळली.

डेपोतून शिकाऊ ड्रायव्हरांची जुनी बस मागून आणली. चुन्याने गल्ली आखली, प्लॉटांच्या कडेला काठ्या रोवल्या. तुझी आईही मुद्दाम आली होती. आमचा कंडक्टर मागून येऊ द्या, येऊ द्या म्हणत राहिला आणि मी सतरा वेळा पुढेमागे केलं. तुझ्या आईचं स्वयंपाकघर दोनदा पाडलं, कंडक्टरची बैठक तीनदा. ती दगडावर बसून पोट धरून हसत होती. शेवटी बस गल्लीभर उलटी मागे काढावी लागली. एकतीस वर्षांची अब्रू चुन्यात मिळाली!

मग मी खाली उतरलो, खुंटी ठोकून दोरीने गोल आखला आणि त्यात बस एका दमात वळवली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. गोल बरोबर माझ्या प्लॉटावर बसला. बाकीचे आपापल्या जागेतून पट्टी द्यायला निघाले, पण अशा चिंध्या जोडून घर होत नाही. मी प्लॉट गोलासाठी सोडला आणि सही करून टाकली. आहे त्या भाड्याच्या खोलीत माझं बरं चाललंय. काळजी करू नकोस.

पत्र पाठवत जा, वाट बघतो.
मामा

दि. १८ फेब्रुवारी

ती. मामांस, सा. न. वि. वि.

वसाहत काल मंजूर झाली! शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ सांगत होते, दुरुस्ती मागितल्यावर स्वतः बस फिरवून बघणारा अर्जदार त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तुम्ही आखलेला गोल त्यांनी जसाच्या तसा ठेवलाय.

आता बसून वाचा. आई परवा आली, माझी पट्टी-पेन्सिल घेतली आणि तिच्या प्लॉटावर दोन मजले काढले. एक तिचा, एक तुमचा. तुम्ही नको म्हणाल म्हणून तुम्हाला विचारायचं नाही, असं तिने बजावलं. बांधकामाच्या अर्जात दोघांची नावं घातली आणि स्वतःची सहीसुद्धा ठोकली. तुमची सही तेवढी राहिलीय.

गुडघे दोघांचेही दुखतात, तेव्हा खालचा मजला कुणाला, यावर मी हात टेकले. रविवारी जागेवर जो आधी पोचेल त्याला, असा तिने निकाल दिलाय. तुम्हाला आठ वाजता यायला सांग म्हणाली. ती स्वतः सहाच्या गाडीने निघणार आहे. मी फोडलं हे तिला कळू देऊ नका.

दोघांचाही लोभ हवा असलेली,
चिमणी