बिजागरी सैल होती

गुरुवार, २९ ऑक्टोबर. सकाळी ७.

आजपासून डोकं थंड. कायमचं.

हे लिहून ठेवतोय, म्हणजे पास झाल्यावर मागे वळून बघायला बरं वाटेल. सात आठवडे झाले, ही आणि ठमी हिच्या भावाकडे राहतायत. ठमी म्हणजे आमची लेक, वय अकरा. शाळेत नाव दुसरं आहे, पण घरात ठमी म्हटल्याशिवाय ओ देत नाही. आणि एवढं सगळं कशावरून, तर स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावरून. मी ते जरा जोरात ओढलं, ते हातात आलं आणि हातातून सुटलं. ठमीच्या भुवईवर तीन टाके पडले. मी लिफ्ट देखभालीच्या कामात बावीस वर्षं काढलीत, मला यंत्रातलं कळतं. बिजागरी सैल होती. ठमी नेमकी तिथंच का उभी होती, हा वेगळा मुद्दा. हिला दोन्ही मुद्दे पटत नाहीत.

असो. ठमीला भुतांचं भारी वेड. थीम पार्कात हॅलोविनचा वीकेंड आहे, तीन भूतघरं उभारलीत. आयडिया माझीच. जिथं अख्खं जग किंचाळतं, तिथं मी दोन दिवस शांत राहून दाखवतो, असं हिला फोनवर सांगितलं. ही म्हणाली, "दोन दिवस हात उचलायचा नाही, आवाज चढवायचा नाही. जमलं तर सोमवारी आम्ही घरी येतो."

हे तर डाव्या हाताचं काम. चादरी धुवायला टाकल्या.

त्याच दिवशी, रात्री ८.

मेहुणाही येणार म्हणे. दातांचा डॉक्टर. याला कुणी बोलावलं? ही म्हणते, ठमीला सोबत. अरे, बाप काय मेलाय का? पण काही बोललो नाही. फोन ठेवला. हळू ठेवला. काचेला तडा आधीपासूनच होता.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर. संध्याकाळी ६.

हॉटेलात पोचलो. चार तास मेहुण्याच्या गाडीत. हा माणूस दाढ उपटावी तसं गाडी चालवतो, एक-एक इंच. एका ट्रकवाल्याने कट मारला तर याने त्यालाच हात दाखवून सॉरी म्हटलं. मी फक्त डॅशबोर्डवर मूठ आपटली. दोनदा. मागे ठमीने कानात हेडफोन घातले. गाणी ऐकायची असतील.

हॉटेलच्या लॉबीत चिप्सचं मशीन. पाकीट अडकलं. एक लाथ दिली, काच गेली. मॅनेजर आला, मेहुणा मधे पडला, मिटलं.

नियम स्पष्ट करून घेतो. हात उचलायचा नाही म्हणजे माणसावर. डॅशबोर्ड माणूस नाही. मशीन माणूस नाही. म्हणजे आजचा दिवस क्लीन.

पार्कचे नियम ठमीने मोठ्याने वाचून दाखवले. एकच ओळ महत्त्वाची: भुतं तुम्हाला हात लावणार नाहीत, तुम्हीही भुतांना हात लावू नका. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. ती हसायच्या बेतात होती.

शनिवार, ३१ ऑक्टोबर. दुपारी २.१५.

पहिलं घर: कसायाचा कारखाना. बाहेर बाकावर बसून लिहितोय.

आत अंधार, आकड्यांना टांगलेली मढी, जमिनीवर चिकट काहीतरी. मी आधीच सगळ्यांना समजावून सांगितलं की हे रबर, हा रंग, तो स्पीकर. भीती म्हणजे काय, तर देखभालीची माहिती नसणं. रांगेतल्या चार अनोळखी लोकांनाही सांगितलं. त्यातल्या एकाने गप्प बसायला सांगितलं. मी गप्प बसलो. याला म्हणतात कंट्रोल.

टांगलेल्या मढ्यांतल्या एकाला वाट काढताना कोपर मारला. रबरच होतं. दुसऱ्याला मारला, ते ओय म्हणालं. तेवढ्यात मागून करवत घरघरत आली, मानेपाशी. करवतीला पातं नव्हतं हे आता मला कळतंय. तेव्हा वळलो आणि ठोसा बसला. बसला म्हणजे कसायाचं तोंड मधे आलं. त्याने मान पुढे काढलीच होती, मी काय करणार?

दोन दात पडले. एक सुळा, तो खोटा निघाला. दुसरा खरा. मेहुणा लगेच मोबाइलच्या उजेडात त्याच्या तोंडात बोटं घालून बसला. दात दुधात टाका, दूध आणा, म्हणून ओरडत होता. वीकेंडलाही या माणसाला पेशंट मिळतात.

ही म्हणाली, हा एक. मी म्हटलं, ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, हात मी उचलला नाही, तो उचलला गेला. माफी मागितली. कसाई रडत होता. एवढा धिप्पाड माणूस, हातात करवत, आणि रडतो. ही म्हणाली, अजून दीड दिवस आहे. म्हणजे चान्स आहे.

शनिवार, संध्याकाळी ५.४०.

दुसरं घर: बाहुल्यांचा दवाखाना. यावेळी दोन्ही हात खिशात घालूनच आत गेलो. वाटलं, आता बघूच.

पायांचं काही ठरलं नव्हतं.

खाटेखालून एक बाहुली सरपटत आली, पोट फाडलेलं, आतडी बाहेर, आणि माझ्या बुटाशी येऊन खुदकन हसली. लाथ पोटातच बसली. आतडी कापसाची होती, पण पोट त्या बाहुलीचं स्वतःचं. ती कळवळून गोल झाली. मग तिच्या मदतीला धावलेल्या डॉक्टर-भुताला ढकललं, तो सलाइनच्या स्टँडवर पडला. हात खिशातून कधी निघाले, आठवत नाही.

गार्ड आले. बाजूला घेतलं. मला वाटलं, आता हाकलतात. पण नाही. त्यांच्या साहेबाने ठमीकडे पाहिलं, तिचा रडवेला चेहरा बघून नरमला आणि माझ्या मनगटावर एक हिरवा चमकणारा पट्टा बांधला. म्हणाला, हा काढू नका, काही त्रास होणार नाही. बहुतेक खास पाहुण्यांचा असावा. शेवटी त्यांनाही कळतं, माणूस कुठल्या दर्जाचा आहे ते.

ही ठमीला घेऊन दूरच्या बाकावर बसलीय. दमली असेल.

रविवार, १ नोव्हेंबर. दुपारी १.

काय सांगू, आज माझा रुबाब वेगळाच आहे.

कारखान्यात पुन्हा गेलो, ठमीला करवत परत बघायची होती. भुतं मला बघून बाजूला होत होती. एका प्रेताने तर मान लववली. नवा कसाई करवत बंद करून भिंतीला चिकटून उभा राहिला, मी गेल्यावर चालू केली. काल एक ठोसा, एक लाथ काय दिली, अख्ख्या पार्कात नाव झालं. आणि मी एकदाही चिडलो नाही. ठमी दोनदा हसली. एकदा माझं बोट धरून चालली, पंधरा-वीस पावलं. सात आठवड्यांत पहिल्यांदा. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. उद्या घरी येतील. तिच्या खोलीतला पंखा आवाज करतो, तो आधी बघायला हवा.

रविवार, दुपारी २.३०.

मेहुण्याने आता सांगितलं, हिरवा पट्टा म्हणजे काय. ज्याला भूत सहन होत नाही त्याला तो बांधतात. पाच वर्षांखालची पोरं, हृदयाचे पेशंट, गरोदर बायका. आणि मी.

हसत सांगितलं, शहाण्याने. म्हणे, भाऊजी, बरंच आहे ना, सगळ्यांचेच दात वाचतात.

तळपायाची आग मस्तकात गेली. पट्टा तोडून टाकला. दातांनी. ठमी म्हणाली, बाबा, राहू दे ना तो. मी म्हटलं, तुझ्या बापाला पट्टा लागत नाही. तिसरं घर उरलंय: शेवटची लिफ्ट. लिफ्ट! माझ्यापुढे लिफ्ट!

रविवार, दुपारी ४.१०. फोटो काउंटरशेजारचा बाक.

झालं. पार पडलं. उजव्या हाताची बोटं सुजलीत, अक्षर वाकडं येतंय.

रांगेत सगळ्यांना सांगितलं होतं की लिफ्ट कधीच पडत नाही. वेग वाढला की ब्रेक आपोआप लागतात, दोर तुटले तरी लागतात. आत गेलो, दार बंद झालं, दिवे गेले आणि लिफ्ट पडली. खरं सांगतो, पडली. बावीस वर्षांत मी एकही लिफ्ट पडताना पाहिलेली नाही, त्यामुळे सवय नव्हती. मी ओरडलो की मरतोय, सगळे मरतोय. मेहुण्याच्या मते ती दोन फूट खाली आली. दातांच्या डॉक्टरने लिफ्टबद्दल बोलू नये.

मग मागची फळी उघडली आणि रक्ताने माखलेलं भूत कुऱ्हाड घेऊन आत आलं. पुढचं सगळं मी कर्तव्य म्हणून केलं. भुताचा गळा धरला, डोकं फळीवर दोनदा आपटलं, कुऱ्हाड हिसकावली, उगारली आणि ठमीला माझ्या पाठीशी घेतलं. बाप म्हणतात तो हा. तेवढ्यात लख्ख उजेड पडला. कॅमेऱ्याचा फ्लॅश होता, नेमक्या घाबरायच्या क्षणी ते सगळ्यांचा फोटो काढतात.

कुऱ्हाड रबराची निघाली. दार उघडलं तेव्हा भूत खाली बसलं होतं, केसांचा टोप निघालेला. पन्नाशीची बाई. एरवी एका शाळेत ग्रंथपाल आहे म्हणे, हौस म्हणून हे करते. नाकातून रक्त येत होतं. मला तो रंग वाटला. मेहुण्याला नाही वाटला. ठमी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला खूप लागलं का?"

मला नाही विचारलं. माझीही बोटं सुजलीयत.

आज हिने प्रत्यक्ष बघितलंय, वेळ आली तर हा माणूस मधे उभा राहतो. फोटो आणायला गेलीय. फ्रेम करून हॉलमध्ये लावू.

रविवार, संध्याकाळी ६. बसमध्ये.

फोटो माझ्याकडे आहे.

मी उजवीकडे. कुऱ्हाड डोक्यावर, तोंड वेडंवाकडं. ही आणि मेहुणा कोपऱ्यात, तिने त्याचा दंड धरलाय. समोर ती बाई, नाकातून ओघळ, दोन्ही हात पसरून उभी. आणि ठमी तिच्या पाठीमागे. बाईचा अॅप्रन दोन्ही मुठींत घट्ट धरलाय. तिच्या काखेखालून माझ्याकडे बघतेय. भुवईवरची खूण स्पष्ट दिसते.

मी काउंटरवाल्याला विचारलं, फोटो उलटा छापलाय का, डावं-उजवं झालंय का. त्याने फोटोत भिंतीवर लावलेली सूचना दाखवली. अक्षरं सुलट होती.

हिने दोन प्रती घेतल्या. एक पर्समध्ये ठेवली, एक मला दिली. म्हणाली, "ही तू ठेव. दर वेळी दार सैल होतं म्हणतोस ना, तेव्हा काढून बघ."

मी म्हटलं, तू उद्या येतेयस ना. म्हटलं, चादरी धुतल्यात. तिने गाडीचं दार लावून घेतलं. मेहुण्याने माझी बॅग डिकीतून काढून फुटपाथवर ठेवली, नीट उभी करून. बसस्टँड कुठं आहे तेही सांगितलं. आवाज चढवला नाही त्याने.

ठमी मागच्या सीटवर काचेशी होती. गाडी निघाली तेव्हा मी टाटा करायला हात वर केला. ती डोकं दोन्ही हातांनी झाकून खाली सरकली.

सोमवार, २ नोव्हेंबर. सकाळी ११.

रजा टाकली. ठमीच्या खोलीतल्या पंख्याला तेल दिलं. आवाज गेला.

फोटो टेबलावर ठेवून पाहिला. अंगठ्याने स्वतःला झाकलं तर बाकीचे चौघं चांगले दिसतात.

सोमवार, संध्याकाळी ५.

कोणी आलं नाही. बेल एकदा वाजली, ती खालच्या मजल्यावरची होती.

म्हटलं, निदान कपाटाचं दार तरी बसवू. सात आठवडे फ्रिजमागे उभं आहे. बाहेर ओढलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला, चष्मा लावला. दोन्ही बिजागऱ्या दाराला तशाच आहेत, घट्ट. मी हलवून पाहिल्या, तेल लागलेलं, एक कुरकुरही नाही. सगळे स्क्रू कपाटातून लाकडाचा लचका घेऊन बाहेर आलेत. दुसऱ्या कुणाच्या इमारतीत असं दिसलं असतं, तर रिपोर्टमध्ये काय लिहायचं मला माहीत आहे. शेकडो वेळा लिहिलंय.

दार परत फ्रिजमागे ठेवलं. बिजागरी सैल नव्हती.