गोराईच्या घराचं जोतं आणि माझी बाकीची मिळकत

मी, कुंदा भिकाजी कोळी, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, निवृत्त समुद्रशास्त्रज्ञ, मूळ राहणार गोराई, सध्या राहणार चारकोप, कांदिवली पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घालायला घरात दुसरं कोणी नाही. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सर्व काही आईच्या नावे होतं आणि आई राहिली नाही.

चारकोपची तिसऱ्या मजल्यावरची सदनिका माझ्या कमाईची आहे. ती धाकटा भाऊ धोंडू आणि त्याची बायको चंपा यांना समसमान मिळावी. त्यांनी गोराई सोडून इथे यावं अशी अट घालायची का, असं वकिलांनी दोनदा विचारलं. अट नाही. कुलूप लावून ठेवली तरी चालेल. गावात पाणी आलं तर जायला एक कोरडी जागा असावी, एवढाच हेतू.

गोराईच्या घरातला माझा अर्धा हिस्सा धोंडूला द्यावा. या घराबद्दल थोडं लिहिणं भाग आहे. माझ्यामागे गावात दोन गोष्टी बोलल्या जातील: कुंदाला सगळं माहीत होतं आणि तिने लपवलं, किंवा कुंदाला काहीच माहीत नव्हतं. दोन्ही चूक.

समुद्राची पातळी पुढे किती चढेल, याचे अंदाज बांधण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. धोंडू जुनं घर पाडून नवीन बांधत होता, तेव्हा गावाने मला देवळाच्या मंडपात बोलायला बोलावलं. मी सांगितलं की शतक संपेपर्यंत पाणी आजच्यापेक्षा गुडघ्याच्या खालपर्यंत चढेल किंवा कंबरेपर्यंतही चढेल. त्याहून वर जाणारच नाही, असंही म्हणता येत नाही. दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ किती लवकर सुटेल हे कोणाला नीट कळलेलं नाही. माणसं अजून किती कोळसा आणि तेल जाळतील हे माणसांनाच ठाऊक नाही. शिवाय काही ठिकाणी जमीनच खाली बसते आहे.

धोंडू उभा राहिला. "ताई, ते राहू दे. मी जोतं किती उंच घालू ते सांग. मिस्त्री खोळंबलाय माझा."

"एक आकडा नाही रे देता येत."

"मग एवढी वर्षं शिकलीस काय?"

लोक हसले. गावच्या मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष माईक घेऊन म्हणाले, "बाईंपेक्षा भटजींना विचार. मुहूर्त तरी मिळेल." या गृहस्थांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. ते मागणार नाहीत, तरी लिहून ठेवते.

धोंडूने जुन्या घराइतकंच जोतं घातलं. आईला पायऱ्या चढवत नव्हत्या, हेही कारण होतं.

तीन पावसाळ्यांनंतर ऐन उधाणाच्या भरतीला वादळ आलं आणि खाडी घरात शिरली. आई अंथरुणाला खिळलेली होती, गादी जमिनीवर होती. धोंडू होडी किनाऱ्याला बांधून ठेवायला गेला होता. चंपाने एकटीने आईला उचलून टेबलावर ठेवलं, पण तोवर ती गळ्यापर्यंत भिजली होती. न्यूमोनिया झाला. बोरिवलीच्या रुग्णालयात ती गेली.

स्मशानात धोंडू मला म्हणाला, "तू एक आकडा दिला असतास, तर मी तेवढं बांधलं असतं."

मी त्याला समजावलं की त्या दिवशीचं पाणी वाऱ्याचं आणि भरतीचं होतं. समुद्र हळूहळू चढतो त्याचा त्यात वाटा होता, पण चार बोटांचा. तिकडे चिता पेटत होती आणि मी हे सांगत होते. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही आहे. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. ही तक्रार नव्हे, फक्त नोंद.

माझ्या बँकेतल्या ठेवी धोंडूला द्याव्यात, म्हणजे त्याला वाटल्यास जॅक लावून घर उचलून जोतं वाढवता येईल. उंची त्याने ठरवावी. ठरवताना समुद्राकडे आधी बघू नये. हे घर किती वर्षं उभं राहायला हवं, आणि पाणी आत आलंच तर तेव्हा आत कोण झोपलेलं असेल, हे आधी बघावं. जिथे म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तिथे सगळ्यात वाईट अंदाज धरावा. होड्यांच्या शेडला मधला चालतो. सभेत हे सांगायचं राहिलं. माईक दुसऱ्याकडे गेला होता.

आईच्या पाटल्या चंपाला. तिला त्यावेळी कोणी शाबासकीही दिली नाही.

पुस्तकं आणि संगणक भाची नेत्रा हिला. ती कॉमर्स शिकते. पुस्तकं रद्दीत घातली तरी मला वाईट वाटणार नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी; ती कामात चोख आहे.

ज्या वृत्तवाहिनीने माझा सर्वांत वरचा अंदाज तेवढा उचलून "मुंबई बुडणार" असं माझ्या नावावर दाखवलं, तिला माझा फोटो देऊ नये.

शेवटचं. हे लिहिण्याआधी वारसाला कळवणं योग्य, म्हणून काल धोंडूला फोन केला. त्याने उचलला. मी आजाराचं सांगितलं.

"डॉक्टर किती दिवस म्हणतात?"

"नक्की सांगता येत नाही म्हणतात."

त्याच्या मागे कोणाच्या तरी होडीचं इंजिन चालू होतं.

"नसेल सांगता येत," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू इकडे ये ना. चंपा खाट मांडून ठेवेल. जेटीवर मी येतो, एकटी उतरू नकोस."

मी हो म्हटलं. काही वाटलं का, ते सांगता येणार नाही. शनिवारच्या बोटीने जाणार आहे. हा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही, असं वकिलांचं मत आहे. तो राहू द्यावा.

ठिकाण: चारकोप, कांदिवली पश्चिम
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

(सही) कुंदा भिकाजी कोळी

कुंदाताईंनी वरील मजकूर वाचून आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर साक्षीला सह्या केल्या.

१. (सही) अनुपमा सावंत, शेजारी
२. (सही) डॉ. प्रांजल राणे