दोन मिलीमीटर

शनिवार, संध्याकाळचे साडेसात

मैदानावर कार्यक्रम सुरू झालाय, आवाज घरापर्यंत येतोय. कुठल्याशा कंपनीचं स्नेहसंमेलन, कामगारांची मुलं नाचतायत. त्यांच्या डोक्यावर टांगलेला मोठा एलईडी पडदा ज्या लोखंडी प्लेटांवर तोललाय, त्या परवा मीच वर्कशॉपात सीएनसी मशीनवर कापल्या. ड्रॉइंगमध्ये जाडी बारा मिली होती, शेडमध्ये दहाचाच पत्रा होता. सुपरवायझर म्हणाले, "दोन मिलीनं काय होतंय राव? टाक मशीनवर." टाकला. बटण मीच दाबलं ना.

दुपारी न राहवून स्टेज उभारणाऱ्या मुकादमाला फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, "पडदा वर चढलाय भावा. आता उतरवा म्हटलं तर माझं कोण ऐकणार?" थेट कार्यक्रमवाल्या कंपनीला सांगावं, तर वर्कशॉपातली माझी नोकरी जाईल. हेच आधी सुचलं, याची लाज वाटते.

दोन मिली. एका नाण्याची जाडी. टिकेल बहुतेक.

एरवी या स्पीकरला मी शिव्या घालतो. आज दोन गाण्यांच्या मध्ये आवाज थांबला की उठून खिडकीशी जातो. बायको म्हणाली, "लावून घ्या ती खिडकी, डोकं उठलं."

उघडीच ठेवलीय.